अलगीकरण आणि वेतन : बुलढाणा जिल्ह्यातील अनुभव

साथीच्या रोगाची लागण झालेल्या किंवा होण्याचा संभव असलेल्या व्यक्तीस ठराविक काळ इतरांपासून दूर ठेवण्याच्या उपायास सामान्यतः विलगीकरण वा अलगीकरण म्हणतात. काटेकोरपणे पाहता रोग्यास वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण आणि रोग्याच्या सहवासात आलेल्या, पण अद्याप निरोगी असलेल्या व्यक्तीस वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण होय. या उपायाचा लाभ सर्व समाजास होतो. परंतु त्याचा खर्च, म्हणजे बुडालेल्या दिवसांची मजुरी, कोणी सोसावयाची हा प्रश्न प्रत्येक साथीत नव्याने उभा राहतो. मोठ्या कारखान्यांत व सरकारी कचेऱ्यांत त्यास नियमांनी काही उत्तर मिळाले. जेथे दोन-चार किंवा दहा-वीस माणसे कामाला असतात, अशी दुकाने, रेचे, तेलघाणे, उपाहारगृहे व शेते यांत मात्र मालक आणि मजूर यांच्या आपसांतील समजुतीवरच तो बहुधा सोडला गेला. बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या व्यापारावर उभ्या असलेल्या गावांत गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची जी रूपे दिसली, त्यांचा आढावा येथे घेतला आहे.

भौगोलिक व आर्थिक पार्श्वभूमी : विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ९,६६१ चौ. किमी. असून लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११) होती. उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आणि दक्षिणेस बालाघाटाच्या पठारावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा इ. तालुक्यांचा भाग, असे त्याचे दोन स्वाभाविक विभाग पडतात. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाला इंग्लंडमधून मोठी मागणी आली आणि त्याच सुमारास मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या गावांवरून गेला. जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. तो गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला करण्यात आला. खामगाव ही पुढे वऱ्हाडातील अग्रगण्य कापूसपेठ बनली. खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षी झालेल्या फेररचनेत ते बुलढाणा जिल्ह्यात आले. त्यापूर्वीच्या हकीकती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

कापसाच्या धंद्याबरोबर सरकी काढणारे रेचे आणि गाठी बांधणारे दाबकारखाने निघाले. त्यांचे काम वेचणीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. रेच्यांवर कापूस घालण्याच्या कामी स्त्रियांचा भरणा मोठा होता. बाजारात हमाल, मापारी व गाडीवान यांना दिवसावर वा वजनावर पैसे मिळत. धंदा हंगामी असणे आणि मजुरी रोजाची असणे या दोन गोष्टींचा पुढील सर्व इतिहासावर परिणाम झालेला दिसतो.

मजुरीचे प्रकार व गैरहजेरी : अलगीकरणाचा भार कोणावर पडतो हे बव्हंशी मजुरी देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. वऱ्हाडात तिचे चार प्रमुख प्रकार होते. पहिला बलुत्याचा. सुतार, लोहार, न्हावी इ. कारागिरांना सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. तो वर्षाच्या सेवेबद्दल असल्यामुळे आठ-पंधरा दिवसांच्या आजाराने सहसा कमी होत नसे; शिवाय घरातील दुसरा माणूस काम पुढे चालवी. दुसरा प्रकार सालदाराचा. सालदार एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या कराराने राही आणि त्यास रोख रक्कम व धान्य मिळे. त्याचे खाडे मोजण्याची रीत होती. परंतु खाड्याचा हिशेब साल सरताना होई. त्यामुळे मधल्या काळात त्याची चूल बंद पडत नसे आणि मालक उदार असल्यास थोडे खाडे सोडूनही देई. तिसरा प्रकार रोजंदारीचा आणि चौथा उक्त्या कामाचा. कापसाची वेचणी वजनावर, हमाली नगावर, तर रेच्यावरील काम रोजावर चाले. या दोहोंत काम थांबले की त्याच संध्याकाळी मजुरी थांबते.

या चार प्रकारांच्या जोडीला ‘उचल’ ही प्रथा होती. अडचणीच्या दिवसांत मालकाने मजुरास आगाऊ रक्कम द्यावयाची आणि पुढील कामातून ती वळती करून घ्यावयाची, असा हा व्यवहार होय. साथीच्या काळात उचल हाच मजुराचा तातडीचा आधार ठरला. मात्र उचल म्हणजे वेतन नव्हे. तिने बुडालेल्या दिवसांचा खर्च मजुराच्याच पुढील दिवसांवर ढकलला जातो आणि मजूर त्या मालकाशी बांधला जातो. मालकाच्या बाजूने पाहता, स्वतः कर्जावर धंदा करणाऱ्या लहान दुकानदारास उचलीपलीकडे काही देणे अनेकदा शक्यही नसे. या प्रश्नातील अडचण दोन्ही बाजूंनी समजून घेणे आवश्यक आहे.

प्लेगची साथ व १८९७ चा कायदा : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उघडकीस आली आणि कामगार मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. गिरण्यांत त्या वेळी महिन्याचा पगार काही काळ अडकवून ठेवण्याची पद्धत होती. माणसे मिळेनाशी झाल्यावर गिरणीमालकांना ती बाजूस सारून रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली. कामगार दुर्मिळ झाला की मजुरीचे नियम बदलतात, हे त्यावरून दिसून आले. परंतु हा बदल कामावर हजर राहणाऱ्यांसाठी होता. ज्यांना छावणीत नेले, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने रोग्यांना व संशयितांना इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, प्रवाशांची तपासणी करणे इ. व्यापक अधिकार सरकारला दिले. नियम मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूद केली आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. पुण्यात या अधिकारांच्या कठोर अंमलबजावणीने लोकक्षोभ उसळून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात साथनिवारणाचा खर्च, नुकसानभरपाई द्यावयाची झाल्यास तिच्यासह, कोणी व कसा सोसावयाचा हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे ठेवलेला आढळतो. म्हणजे भरपाईची कल्पना कायद्याच्या कर्त्यांना अपरिचित नव्हती. परंतु छावणीत काढलेल्या दिवसांची मजुरी हे नुकसान होय, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही.

वऱ्हाड त्या वेळी नावाने निजामाच्या राज्याचा भाग असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर जनरलच्या आदेशाने ते लागू केले जात. १८९७ मध्येच वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्याने बाजारसमित्या, दलालांचे व मापाऱ्यांचे परवाने आणि वजनमापे यांची व्यवस्था लावली. एकाच वर्षातील या दोन कायद्यांनी बाजारपेठेतील सौदे आणि साथीतील माणसांचे हिंडणे-फिरणे या दोन्ही गोष्टी नियमबद्ध केल्या. मजुरी मात्र दोहोंच्या कक्षेबाहेर राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वऱ्हाडात प्लेगचे अनेक उद्रेक झाले. गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहणे हा लोकांनीच स्वीकारलेला उपाय होता. प्लेग हिवाळ्यात बळावतो आणि कापसाचा हंगामही तोच. त्यामुळे घर सोडणे आणि मजुरी सोडणे हे बाजारपेठेतील रोजंदाराला एकाच वेळी करावे लागे. शेतावर काम असलेल्या सालदारास शिवारातील झोपडी सोयीची होती. रेच्यावरील स्त्रीस ती तशी नव्हती.

इन्फ्ल्युएंझा (१९१८) : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता. १९१८ च्या पावसाळ्यानंतर साथीची दुसरी व भीषण लाट आली. त्या वर्षी पाऊसही अपुरा पडला होता. या रोगात अलगीकरणाचे आदेश अंमलात आणण्याइतका अवधीच मिळाला नाही. घरेच्या घरे एकाच वेळी अंथरुणास खिळली. शेतातील उभे पीक काढण्यास आणि कापूस वेचण्यास माणसे मिळेनात. साथ ओसरल्यानंतर मजुरांच्या टंचाईने मजुरीचे दर चढले. परंतु आजारपणातील दिवसांची भरपाई त्यातून होत नव्हती. शिवाय घरातील कर्ता पुरुष वा स्त्री गमावलेल्या कुटुंबांना वाढलेल्या दराचा लाभ घेता येण्याजोगा नव्हता.

कामगार कायदे व हंगामी कारखाने : १८८१ च्या कारखाना कायद्याच्या कक्षेत वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने येत नव्हते. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांनाही नियमन लागू झाले. पण ते मुख्यतः कामाचे तास व सुरक्षितता यांपुरते होते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगार वेळेवर देण्याचे बंधन घातले आणि मनमानी कपातीस आळा घातला. तथापि गैरहजेरीबद्दल प्रमाणशीर कपात करण्याची मुभा त्यात होती. सरकारी आदेशाने घरी बसलेला मजूर आणि स्वेच्छेने न आलेला मजूर यांत या कलमाने भेद केला नाही.

आजारपणातील उत्पन्नाची हमी देण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना होय. प्रा. भा. पु. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधी अहवाल १९४४ मध्ये सादर केला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. या अहवालाच्या आधारे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून आजारपणाचा खर्च भागवावयाचा, हे तिचे तत्त्व होते. त्यामुळे एखाद्या लहान कारखानदाराकडे एकदम पाच माणसे आजारी पडली, तरी त्यांचे पगार त्याला स्वतःच्या गल्ल्यातून द्यावे लागत नाहीत. विम्याचा हा लाभ मोठ्यापेक्षा लहान मालकालाच अधिक आहे.

परंतु या कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत सर्वांत आधी उल्लेख होता तो सरकी काढण्याच्या व कापसाच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यांचा. त्यांच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडणे, साखर व गूळ तयार करणे, चहा इ. उद्योगही वगळलेले होते. वर्षातील काही महिनेच काम करणाऱ्या कामगाराकडून वर्गणी गोळा करणे व त्याची नोंद ठेवणे अवघड, असा यामागील व्यावहारिक विचार सांगता येतो. मात्र त्याचा परिणाम असा झाला, की ज्या धंद्यावर खामगाव-मलकापूरची भरभराट झाली, त्याच धंद्यातील मजूर या छत्राबाहेर राहिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामबंदीच्या काळातील निम्म्या वेतनाची जी तरतूद पुढे अंतर्भूत झाली, तीही पन्नासांहून कमी कामगारांच्या आणि हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना लागू नव्हती.

दुकानांतील नोकरांसाठी मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मुंबई राज्याचा यासंबंधीचा कायदा १९४८ चा होता. महाराष्ट्रात त्याची जागा १९ डिसेंबर २०१७ पासून नव्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने घेतली. दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानदाराने केवळ आपल्या धंद्याची माहिती कळवावयाची होती. रजेची कलमे त्याला लागू नव्हती. तालुक्याच्या गावातील बहुसंख्य दुकाने या दुसऱ्या वर्गात मोडतात.

याउलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘क्वारंटाइन रजा’ हा प्रकार जुन्या नियमांत होता. घरात पटकी, देवी, प्लेग, घटसर्प अशा रोगांचा रुग्ण असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून कर्मचाऱ्याला २१ दिवसांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत ३० दिवसांपर्यंत, कचेरीत न येण्याची परवानगी मिळे. ही रजा त्याच्या खात्यावरील रजेतून वजा होत नसे व पगारही चालू राही. निरोगी माणसाला समाजहितासाठी घरी बसविले, तर त्याचे नुकसान होऊ नये, हे तत्त्व यावरून शासनाने आपल्या नोकरांपुरते मान्य केले होते असे दिसते.

अन्य देशांतील व्यवस्था : जर्मनीत १८८३ मध्ये आजारविम्याचा कायदा झाला. तेथील १९०० च्या साथरोग कायद्यात, अलगीकरणामुळे बुडालेल्या मजुरीबद्दल विमाधारक कामगारास भरपाई देण्याची तरतूद होती. पुढे त्या देशात मालकाने सहा आठवड्यांपर्यंत पगार चालू ठेवावयाचा व ती रक्कम शासनाकडून परत मिळवावयाची, अशी पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये आजारपणाचे वैधानिक वेतन अलगीकरणातील कामगारांनाही पहिल्या दिवसापासून देय ठरविण्यात आले आणि २५० हून कमी नोकर असलेल्या मालकांना दोन आठवड्यांपर्यंतच्या या वेतनाची रक्कम शासनाने परत देण्याची तात्पुरती योजना आखली. या दोन्ही व्यवस्थांत कामगाराच्या हाती पैसे मालकामार्फत वेळेवर पडत, पण अंतिम भार समाज उचलीत असे. भारतीय कायद्याच्या परंपरेत हा दुवा आढळत नाही.

कोविड-१९ (२०२०–२२) : महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या मध्यास १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. गृह-अलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्के मारण्याची पद्धत याच सुमारास राज्यात सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यात या रोगाने झालेल्या पहिल्या मृत्यूची नोंद मार्च २०२० च्या अखेरीस झाली. रुग्णाच्या परिसरात प्रतिबंधित क्षेत्र जाहीर होत असे आणि संपर्कातील व्यक्तींना सामान्यतः चौदा दिवस वेगळे राहावे लागे. एकाच गल्लीत राहणारे दुकानदार व नोकर कधीकधी दोघेही घरी अडकत.

या काळात वेतनासंबंधी निघालेल्या आदेशांत दोन वेगवेगळ्या गोष्टी आढळतात : धंदाच बंद असतानाचे वेतन आणि धंदा चालू असताना अलगीकरणात गेलेल्या कामगाराचे वेतन. केंद्रीय कामगार मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी, कामगारांना काढू नये व त्यांचे वेतन कापू नये, असा सल्ला दिला. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढून, टाळेबंदीच्या काळात सर्व कारखाने, दुकाने व व्यापारी आस्थापनांनी पूर्ण वेतन नियत तारखेस द्यावे, असे बजावले. मालक लहान की मोठा, असा भेद त्यात नव्हता. ज्याचा गल्ला महिनाभर उघडलाच नाही त्याने पगार कोठून द्यावयाचा, हा लहान व्यावसायिकांचा आक्षेप होता. १८ मे पासून हा आदेश अंमलात राहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी, मालकांविरुद्ध सक्तीची कारवाई न करता सुमारे पन्नास दिवसांच्या त्या काळातील वेतनाबाबत उभय पक्षांनी वाटाघाटींनी तडजोड करावी, असे सुचविले. म्हणजे प्रश्न पुन्हा आपसांतील समजुतीवर आला. अर्धा पगार, किराणा व धान्य, उचल किंवा पुढे जादा काम करून दिवस भरून काढणे, अशा मार्गांनी अनेक ठिकाणी तो मिटविण्यात आला.

दुसऱ्या प्रश्नाबाबत उत्तर प्रदेश सरकारने मार्च २०२० मध्येच बाधित वा अलगीकरणातील कामगारास २८ दिवसांची भरपगारी रजा द्यावी, असा आदेश काढला होता. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट अमरावती विभागात, म्हणजे बुलढाण्यासह पश्चिम विदर्भात, प्रथम जाणवली आणि तेथे राज्यातील इतर भागांच्या आधी निर्बंध आले. त्यानंतर ४ एप्रिल २०२१ च्या राज्यव्यापी आदेशात उत्पादक कारखाने व बांधकामे यांसाठी स्पष्ट तरतूद आली. बाधित कामगारास वैद्यकीय रजा द्यावी, आजाराच्या कारणावरून त्यास कामावरून कमी करू नये आणि तो कामावर असता तर जे मिळाले असते ते पूर्ण वेतन द्यावे, असे त्यात म्हटले होते. कारखान्यांतील बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्या कामगारांनाही भरपगारी अलगीकरणात ठेवावयाचे होते. साथरोगाच्या अलगीकरणास वेतनाशी नियमाने जोडणारा हा महत्त्वाचा टप्पा होय. पण वेतनाची रक्कम मालकानेच सोसावयाची होती. तिची परतफेड शासनाकडून होणार नव्हती. पाचशे कामगारांच्या कारखान्यास जे झेपते ते बारा कामगारांच्या दालमिलला झेपेलच असे नाही, ही अडचण त्यामुळे कायम राहिली.

चौदा दिवसांचा हिशेब : या तरतुदींचा प्रत्यक्ष अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. दहा वा अधिक नोकर असलेल्या दुकानातील नोकर त्या काळात चौदा दिवस अलगीकरणात गेला, तर आठ दिवसांची नैमित्तिक रजा सर्व शिल्लक असली तरी सहा दिवस उरत. त्यांसाठी त्याला साठलेली भरपगारी रजा खर्च करावी लागे. वर्षभरात २४० दिवस काम केले असल्यास ती बारा दिवसांची असे. नव्याने लागलेल्या नोकरास तीही मिळत नसे. विमा योजनेतील कामगारास १९४८ च्या कायद्याखाली आजारपणाचा लाभ सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळे. परंतु पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असल्यामुळे चौदांपैकी बारा दिवसांचेच पैसे मिळत. म्हणजे एकूण वेतनाच्या सु. ६० टक्के. त्यासाठीही आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असणे व वैद्यकीय दाखला मिळणे आवश्यक होते. शिवाय कायद्यातील आजारपणाच्या व्याख्येत औषधोपचाराची गरज अभिप्रेत होती. त्यामुळे निरोगी, पण संपर्कात आलेला कामगार तिच्यात सहज बसत नव्हता. चार नोकरांच्या दुकानातील माणसास यांपैकी कशाचाच आधार नव्हता आणि कापूस वेचणाऱ्या स्त्रीस तर रजा हा शब्दच लागू नव्हता.

लहान मालकांना मिळालेले साहाय्य मर्यादित होते. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांपैकी ९० टक्के कामगारांचे वेतन दरमहा १५,००० रुपयांहून कमी असलेल्या आस्थापनांची भविष्य निर्वाह निधीची दोन्ही बाजूंची, म्हणजे एकूण २४ टक्के, वर्गणी मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात केंद्र शासनाने भरली. कामगारांना आपल्या निधीतून तीन महिन्यांच्या वेतनाइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा मिळाली. ही रक्कम अर्थातच कामगाराची स्वतःची बचत होती. म्हाताऱ्या वयासाठी राखलेली उचलच म्हणावी लागेल.

मूल्यमापन : प्लेग, इन्फ्ल्युएंझा व कोविड या तीन साथींच्या अनुभवांतून काही निष्कर्ष निघतात. अलगीकरण यशस्वी होणे हे केवळ आदेशावर अवलंबून नसून अलग राहण्याची ऐपत असण्यावरही अवलंबून असते. घरी बसल्यास मजुरी जाणार, हे ठाऊक असलेला माणूस ताप लपवून कामावर येतो. आणि पगार देण्याची ताकद नसलेला मालक त्याकडे काणाडोळा करतो. दोघांचेही वागणे त्यांच्या परिस्थितीत समजण्याजोगे असले, तरी रोग त्यामुळे पसरतो. म्हणून अलगीकरणातील वेतन हा दयेचा भाग नसून साथनिवारणाचाच एक उपाय ठरतो. दुसरे असे, की मजुरीची जुनी वार्षिक पद्धती विषमतेने ग्रासलेली असली, तरी तिच्यात आजाराचे काही दिवस सामावून घेण्याची सोय होती. रोख व रोजंदारी मजुरीने मजूर मोकळा झाला, पण ती सोय नाहीशी झाली आणि तिची जागा घेणारी विमा योजना हंगामी व लहान धंद्यांपर्यंत पोहोचली नाही.

कामगारविषयक चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या असून १९४८ च्या विमा कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने (२०२०) घेतली आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना तिच्यातील विम्याचे प्रकरण लागू होते. त्याहून लहान आस्थापनांना मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने त्यात स्वेच्छेने सहभागी होता येते. हंगामी कारखाने मात्र या प्रकरणातून अद्यापही वगळलेले आहेत. स्वेच्छेने सहभागाची तरतूद चार नोकरांच्या दुकानदारासाठी उपयुक्त ठरू शकेल. परंतु साथ येण्यापूर्वी, धंदा सुरळीत चालू असतानाच तिचा लाभ घ्यावा लागेल. साथ आल्यानंतर आखलेली व्यवस्था रोगाच्या मागून धावते, हे १८९७ पासूनच्या अनुभवाने दाखविले आहे. कापसाच्या हंगामात रेच्यावर उभ्या असलेल्या मजुरापर्यंत हे छत्र नेणे, हे या विषयातील अपुरे राहिलेले कार्य होय.